मधी एक प्लेट टाकू

आमच्या साडूंनी काही स्वस्तात आणलं की घाम मला फुटतो. वस्तू त्यांची, पैसे त्यांचे, अंगण त्यांचं. पण ती वस्तू कशालाच बसत नाही हे उघड झालं की फोन जळगावला माझ्याकडे. मी पाटबंधारे खात्यात कारकुनी करून निवृत्त झालेला माणूस. नळाचा वायसर बदलायचा असला तरी मी आधी प्लंबरला फोन लावतो आणि मग नळाकडे बघतो. पण कधीकाळी दिवाळी अंकांत माझे लेख छापून आले आणि सासुरवाडीच्या खात्यावर मी ‘शिकेल माणूस’ म्हणून कायमचा चढलो. शिकेल माणसाला सगळं मोजता येतं, असा पारोळा तालुक्यात दांडगा समज आहे.

या खेपेला रिमा होत्या. साडू धुळ्याला गेले होते वखराची पास आणायला. मुंबई–आग्रा रस्ता आणि सुरत–नागपूर रस्ता जिथे एकमेकांना छेदतात, त्या गावात ट्रकचं भंगार न मिळेल तरच नवल. देशाच्या चारी दिशांचे ट्रक धुळ्यावरून जातात आणि त्यातले काही तिथेच देह ठेवतात. त्यांचे अवयव रस्त्याकडेला मांडून ठेवलेले असतात. साडूंनी त्यातल्या चार रिमा किलोच्या भावानं उचलल्या. वखराची पास राहिली ती राहिलीच.

“भाऊसाहेब, एकदम कंडिशनमा शेतस,” साडू फोनवर म्हणाले. “आपली ट्रॉली आता वीस इंची चाकवर पळी.”

“पण बसतात का?”

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, “ट्रॉलीले आठ बोल्ट शेतस. रिमले दहा भोकं शेतस. दोन जास्तीनाच शेतस ना! कमी तर नहीत.”

या हिशेबात कुठेतरी चूक आहे हे मला कळत होतं, पण नेमकी कुठे ते फोनवर सांगता येईना. तेवढ्यात साडूंनी निकाल देऊन टाकला, “मझार एक प्लेट टाकी देऊ. बठी जाई.”

साडूंच्या या आत्मविश्वासाचं मूळ ठिबकात आहे. जळगाव जिल्ह्यात ठिबक आणि पीव्हीसी पाइप हे शाळेबाहेरचं सक्तीचं शिक्षण. इथलं पोरगं पाढ्यांच्या आधी टी, एल्बो आणि एंड कॅप ओळखतं. नव्वदचा पाइप त्रेसष्टला जोडायचा? रिड्यूसर. आट्याचा व्हॉल्व्ह बिनआट्याच्या पाइपला लावायचा? काउंटरवर जाऊन नुसतं ‘एफटीए’ किंवा ‘एमटीए’ म्हणायचं, दुकानदार मान वर न करता खोक्यात हात घालतो आणि अडॅप्टर काढून देतो. तीस वर्षं हे केल्यावर माणसाची अशी श्रद्धाच बसते, की जगातल्या कुठल्याही न जुळणाऱ्या दोन वस्तूंच्या मधे टाकायची तिसरी वस्तू देवानं आधीच करून ठेवली आहे, आपण फक्त खोकं शोधायचं. फरक एवढाच, की ठिबकाचा जोड सुटला तर केळीचा एखादा वाफा जास्त भिजतो. ट्रॉलीचा जोड सुटला तर चाक आपल्या आधी पारोळ्याला पोचतं.

चाकांसाठीही असं खोकं जगात आहे म्हणा. साडूंच्या पुतण्यानं मला मोबाइलवर अमेरिकेतले व्हिडिओ दाखवले. तिथले शौकीन लोक आपल्या घरगुती पिकअपला थेट ट्रेलरची चाकं लावतात. आठ बोल्टच्या हबवर चकचकीत ॲल्युमिनियमचा अडॅप्टर, त्यावर दहा बोल्टची ट्रकची रिम, आणि मागे गिटार वाजत असते. पुतण्या म्हणाला, “काका, मागवून घेऊ?” मी जरा वाचलं तर कळलं, तिकडच्या दहा बोल्टचं वर्तुळ सव्वाअकरा इंचांचं, म्हणजे २८५.७५ मिलिमीटर, आणि आपल्याकडच्या मोठ्या ट्रकचं ३३५ मिलिमीटर. म्हणजे दहालाही दहा बसत नाहीत. आठालाही आठ सगळीकडे बसतीलच असं नाही. बोल्ट मोजून चाक घेणं आणि दात मोजून नवरा करणं यात फारसा फरक नाही, हे मी साडूंना सांगितलं. मेहुणीबाई आतून म्हणाल्या, “यांचे मी मोजले होते. तेव्हाही दोन जास्तीचेच निघाले.”

तर माप घ्यायला मला बोलावणं आलं.

ट्रॉलीचा हब म्हणजे काय प्रकार आहे हे मी त्या दिवशी पहिल्यांदा जवळून पाहिलं. ट्रॉली गावातल्याच वेल्डिंगवाल्यानं बांधलेली, एक्सल कुठल्यातरी जुन्या मध्यम ट्रकचे. चाक काढायचं म्हणून चौघे जण पाना घेऊन बसले. शेजारचे आबा एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले. ते खुर्ची आणून बसले आणि त्यांनी शास्त्र सांगितलं: जुन्या गाड्यांना डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे असतात, गाडी पुढे पळताना नट सैल होऊ नयेत म्हणून, तेव्हा डावीकडे उलटं फिरवा. शास्त्र शंभर टक्के खरं होतं. पोरांनी पान्यात पाइप घातला, पाइपाला लटकले, आणि टाण्णकन आवाज झाला. नट सैल झाला नव्हता, स्टडच तुटला होता. मग उलगडा झाला, की वेल्डिंगवाल्यानं एक्सलच तोंड फिरवून बसवला होता. उलटे आटे उजवीकडे. आबांनी शांतपणे खुर्ची ट्रॉलीच्या दुसऱ्या बाजूला नेली आणि तिकडून सांगायला सुरुवात केली.

माप मात्र मी घेतलं. समोरासमोरच्या दोन भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंत: २७५ मिलिमीटर. रिमवर: ३३५. वहीत लिहिलं, खाली रेघ मारली, तारीख टाकली. कारकुनाची बोटं, तारखेशिवाय त्यांना चैन पडत नाही.

जळगावला अजिंठा चौफुलीच्या पुढे एका लेथवर ही वही घेऊन आम्ही गेलो. मिस्तरी साठीचे, चष्मा कपाळावर, बोटांवर काळं तेल. त्यांनी वही वाचली, तारीख वाचली, मग माझ्याकडे वाचल्यासारखं पाहिलं.

“तुम्ही घेतलं माप?”

“हो.”

“आठ बोल्टचं कोणीही घेईन. पाच बोल्टचं असतं तर कसं घेतलं असतं?”

मी म्हणालो, “समोरासमोर टेप धरून.”

“धरा,” म्हणाले, आणि त्यांनी जुन्या जिपेची एक डिस्क माझ्यापुढे टाकली. मी टेप धरला. एका भोकावर टेपचं टोक ठेवलं आणि समोर पाहिलं. समोर भोकच नव्हतं. लोखंड होतं. पाच भोकांत कुठल्याच भोकाच्या समोर भोक येत नाही, हे भूमितीचं सत्य मॅट्रिकला गणितात चांगले मार्क मिळवूनही मला वयाच्या उतरणीवर, लेथवरच्या सात-आठ माणसांसमोर कळलं. मी डिस्क फिरवून पाहिली. म्हटलं, न जाणो, एखाद्या बाजूनं येत असेल.

लेथवरचा बारका पोरगा, मिसरूडसुद्धा न फुटलेला, ग्राइंडर न थांबवता म्हणाला, “शेजारच्या दोन भोकांचं अंतर घ्या भो, एक पॉइंट सातनं गुणा.”

मी वहीत तेही लिहून घेतलं. तारीख टाकली नाही.

मग मिस्तरींनी प्रश्नांची सरबत्ती केली. हबचा मधला गोळा किती? म्हणजे ज्या उंचवट्यावर चाक मुळात बसतं तो. दहा बोल्टच्या रिमचं मधलं भोक २८१ मिलिमीटरचं असतं, आठ बोल्टचं २२१. चाक त्या गोळ्यावर नेमकं बसलं पाहिजे, बोल्टनी त्याला दाबून धरायचं. प्लेटला आतून बरोबर खोबण आणि बाहेरून बरोबर उंचवटा काढला नाही तर चाक मध्यावर येत नाही आणि नाचायला लागतं. शिवाय आतल्या आठ स्टडचे नट प्लेटच्या पोटात बुडाले पाहिजेत, नाहीतर वरून रिम टेकणारच नाही. म्हणून प्लेट जाड हवी. किती जाड? दोन इंच.

साडूंनी विचारलं, “भाव कितला शे?”

मिस्तरींनी वहीच्या मागच्या पानावर हिशेब केला. दोन इंच जाडीच्या पोलादाची एकेक चकती तीस किलोच्या घरात. चार चकत्या. त्यात कापणं, घासणं, भोकं, नवे स्टड, नवे नट. रिमा जुन्या लोखंडाच्या भावानं आल्या होत्या, प्लेटा नव्या लोखंडाच्या भावानं होणार होत्या. आकडा पाहून मला वाटलं, आता साडू रिमा विकतील. पण साडूंचा चेहरा उजळला. “म्हणजे रिमा कितल्या स्वस्त पडनात पहा!”

या वाक्यापुढे मी कितीतरी वेळ विचार करत बसलो होतो. स्वस्त वस्तूवर जितका जास्त खर्च करावा तितकी ती मागे वळून पाहताना आणखी स्वस्त दिसत जाते, हे आमच्या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांनी शिकवलं नव्हतं. आणि हा एकट्या साडूंचा रोग नाही. माझ्या घरात फुकट मिळालेल्या पडद्यांसाठी मुद्दाम बसवलेले लांब दांडे आहेत, त्या दांड्यांसाठी सरकवलेली कपाटं आहेत आणि सरकवलेल्या कपाटांमुळे अर्ध्यावर उघडणारं दार आहे. त्या दारातून मी आडवा होऊन आत जातो आणि पाहुण्यांना पडदे दाखवतो.

प्लेटा तयार होईपर्यंत लेथच्या समोरच्या चहाच्या गाडीवर आमची सभा भरायची. खान्देशात लोखंडाचं काम चाललं असेल तिथे प्रेक्षक आपोआप जमतात, तिकीट लावलं तरी जमतील. एक जण म्हणाला, प्लेटच कशाला, भोकं लांबट करून घ्या. दुसरा म्हणाला, दहातले पाचच बोल्ट लावा, त्याच्या काकांनी लावले होते. काका कसे आहेत, हे कोणी विचारलं नाही. तिसऱ्यानं पाचोऱ्याच्या पीजेची गोष्ट काढली.

पीजे म्हणजे पाचोरा–जामनेर रेल्वे. छप्पन्न किलोमीटरची छोटी लाइन, रुळांमधलं अंतर ७६२ मिलिमीटर. मोठ्या लाइनीचं १६७६. म्हणजे निम्म्याहून कमी. पाचोरा स्टेशनात दोन्ही गाड्या शेजारी उभ्या राहायच्या आणि एकीचा डबा दुसरीच्या रुळावर कधीच जाऊ शकत नसे. “मग मधी प्लेट काय होती?” साडूंनी विचारलं. मी म्हणालो, “मधे आपण होतो.” एका गाडीतून उतरायचं, डोक्यावर बोचकं, काखेत पोर, आणि पळत जाऊन दुसऱ्या गाडीत बसायचं. इंग्रजांनी अडॅप्टरवर एक पैसा खर्च केला नाही, तो प्रवाशातच बसवून घेतला. २०२० च्या टाळेबंदीत ती गाडी थांबली ती थांबलीच. आता तिथे मोठ्या लाइनीचं काम काढलंय. चहावाल्यानं उसासा टाकला आणि त्या नादात माझ्या चहात दुसऱ्यांदा साखर घातली.

प्लेटा झाल्या. देखण्या झाल्या होत्या, हे कबूल केलं पाहिजे. बाहेरच्या काठावर लेथच्या बारीक रेघा, आत आठ भोकं, बाहेर दहा स्टड. घरी नेल्यावर मेहुणीबाईंनी चारही प्लेटांना हळदीकुंकू वाहिलं आणि मग म्हणाल्या, “भाऊजी, यांच्या लग्नातला कोटसुद्धा स्वस्तात आणलेला होता. पाठीत बसत नव्हता. आईनं मागून उसवून मधे पट्टी टाकली होती. फोटोत म्हणून हे भिंतीला टेकून उभे आहेत.”

बसवायच्या वेळी मिस्तरी स्वतः आले. नट आवळायचं त्यांचं एक तंत्र होतं. अशा जाड बोल्टला सुमारे सहाशे न्यूटन मीटर जोर लागतो, म्हणजे मीटरभर लांब पाइपाच्या टोकाला साठ किलोचा माणूस लटकला तर होतो तेवढा. जोर मोजायचा पाना महाग येतो, म्हणून मिस्तरींनी अंगणात जमलेल्यांना विचारलं, “साठ किलोचं कोण आहे?”

सगळे एकमेकांकडे पाहू लागले. खान्देशात शेवभाजी आणि वरणबट्टीवर पोसलेल्या पुरुषांत नेमका साठ किलोचा माणूस मिळणं कठीण. एक तर पन्नासच्या आत किंवा नव्वदच्या पुढे. शेवटी पुतण्याला कापसाच्या काट्यावर उभं केलं. छप्पन्न भरला. त्याच्या खिशात चार किलोची वजनं घातली आणि त्याला प्रत्येक नटामागे एकदा पाइपावर लटकवलं. चार चाकं, प्रत्येकी आतले आठ आणि बाहेरचे दहा. पुतण्या संध्याकाळी जेवायलासुद्धा उभाच होता. पँट खिशांच्या वजनानं खाली येत होती म्हणून एक हात त्यात गुंतलेला.

जाताना मिस्तरी गंभीर झाले. “पन्नास-शंभर किलोमीटर चालली की नट पुन्हा आवळायचे. आणि एक सांगून ठेवतो. बाहेरचे दहा तुम्हाले दिसतात. आतले आठ चाकाच्या मागे लपले. ते सैल झाले तर चाक उतरवल्याशिवाय कळायचं नाही.” साडूंनी मान हलवली. मग मला कोपऱ्यात घेऊन म्हणाले, “जे दिखत नही त्याना कसाले इचार करो?”

ट्रॉली पहिल्यांदा बाहेर निघाली ती फाटकात अडकली.

जुन्या सोळा इंची चाकांवर ती दोन्ही बाजूंनी मूठभर जागा ठेवून जायची. आता प्रत्येक बाजूला चाक दोन इंच बाहेर आलेलं, वर टायर रुंद. फाटकाला दोन खांब. खांबांवर साडूंच्या वडिलांनी हौसेनं संगमरवरी पाट्या लावलेल्या, डाव्या खांबावर ‘सुस्वा’ आणि उजव्यावर ‘गतम्’. कुठला पाडायचा यावर भावकीची बैठक बसली. उजव्या खांबात विजेचं मीटर होतं, म्हणून डावा पाडला. तेव्हापासून साडूंच्या घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला फाटकातच ‘गतम्’ वाचायला मिळतं. सोयरिकीची माणसं जरा दचकतात.

उंचीचं प्रकरण निराळं. सोळा इंची रिमवरचा टायर जमिनीपासून ऐंशी सेंटिमीटरच्या आसपास उभा असतो, वीस इंचीवरचा मीटरभर. म्हणजे ट्रॉलीचा हौदा दहा सेंटिमीटर वर गेला. दहा सेंटिमीटर म्हणजे चार इंच, कागदावर काहीच नाही. पण डोक्यावर कापसाचं गाठोडं घेतलेल्या बाईला ते चार इंच विचारा. कापूस वेचायला आलेल्या बायांनी पहिलं गाठोडं वर टाकलं, ते काठाला लागून परत त्यांच्याच अंगावर आलं. म्होरकी साडूंना म्हणाली, “भाऊ, एक तर शिडी आना नहीतर रोज वाढवा.” शिडी आणली. शिडी टेकवली की ट्रॉलीच्या टायरला लागायची, म्हणून शिडीच्या पायांना खालून लाकडी ठोकळे ठोकले. ठोकळ्यांमुळे शिडी बैलगाडीत मावेना.

आणि मग ती नाचायला लागली. चार प्लेटांपैकी एकीच्या खोबणीत केसभर फरक राहिला होता, किंवा धुळ्याहून आलेली एक रिमच मुळात वाकडी होती. मिस्तरी म्हणतात रिम, भंगारवाला म्हणतो प्लेट. उजवं मागचं चाक फिरताना कमरेतून लचकायचं. डांबरी रस्त्यावर ट्रॉली निघाली की मागून येणारा प्रत्येक मोटारसायकलवाला हॉर्न वाजवून, जिवाच्या आकांतानं शेजारी येऊन ओरडायचा, “चाक हाली ऱ्हायनं भाऊ!” खान्देशातल्या माणसांचा हा मोठा गुण आहे, दुसऱ्याचं हलणारं चाक त्यांना बघवत नाही. पारोळ्याच्या बाजारला जाईपर्यंत साडूंना इतक्या वेळा मान हलवून ‘हो हो’ म्हणावं लागायचं, की मानेला पट्टा लावायची वेळ आली. एरंडोलच्या पुढे बोली बदलते, तिथे “चाक हालून राह्यलं भो!” सुरू व्हायचं. एका एसटीच्या कंडक्टरनं तर खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढून सांगितलं.

साडूंनी उपाय काढला. ट्रक-ट्रॉलीच्या मागे ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहायला महाराष्ट्रात २०१५ पासून बंदी आहे, त्यामुळे आमच्या ट्रॉलीची मागची फळी तशी रिकामीच होती. त्यावर त्यांनी पेंटरकडून लाल अक्षरांत लिहून घेतलं: ‘चाक हाली ऱ्हायनं, आम्हले माहीत शे.’

लोकांचं ओरडणं थांबलं. आता मोटारसायकलवाले वाचतात, शेजारी येतात, आणि “मग नीट कर ना भो!” असं ओरडून जातात.

या टप्प्यावर मी कायदा काढला. माझ्या हातात तेवढंच हत्यार आहे. साडूंना समोर बसवून सांगितलं, की मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ असं म्हणतं, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यावर बोट ठेवून सांगितलंय, की कंपनीनं मूळ जसं ठरवून दिलं त्याहून वेगळा बदल वाहनात करता येणार नाही. साडूंनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, “आपली ट्रॉलीनी कंपनी कोणती?”

मी म्हणालो, “वेल्डिंगवाला.”

“मग त्याले इचारी लिऊत ना, मूळ कसं ठरायेल व्हतं.”

आम्ही वेल्डिंगवाल्याकडे गेलो. तो गॉगल वर करून आठवत बसला. म्हणाला, त्या आठवड्यात दुकानात जे लोखंड पडलं होतं तेच मूळ. एक्सल उलटा का बसवला? तो सुलटाच बसवला होता, ट्रॉली नंतर उलटी झाली. या उत्तरापुढे सर्वोच्च न्यायालयसुद्धा तारीख देण्यापलीकडे काही करू शकलं असतं असं मला वाटत नाही.

गावात चौकशी केली तर कळलं, साडू एकटे नाहीत. कोणाच्या पाण्याच्या टँकरला पुढं एक माप, मागं एक माप. कोणाच्या थ्रेशरला जिपेची चाकं. अस्सल, कंपनीच्या मापाच्या, सरळ चाकांचा गावात एकच संच उरलाय आणि तो एका म्हाताऱ्यांच्या गोठ्यात पोत्याखाली झाकून ठेवलेला असतो. पासिंगचा दिवस आला की ज्याचा नंबर असेल तो रात्री जाऊन घेऊन येतो, आणि दुसऱ्या दिवशी धुवून, तेल लावून परत करतो. गावच्या कुठल्याही भांड्याची, सतरंजीची, लग्नाच्या मंडपाची इतकी काळजी मी घेतलेली पाहिलेली नाही. वहीसुद्धा आहे, पुढच्या तारखा लागलेल्या.

बेरिंग दर महिन्याला भाजी निवडल्यासारखं बदलावं लागू लागलं. चाक बाहेर गेलं की ओझ्याचा हिसका बेरिंगवर तिरका बसतो, ते लवकर झिजतं, हे मिस्तरींनी आधीच सांगितलं होतं. साडूंनी बेरिंगवाल्याशी इतकी दोस्ती केली, की त्याच्या मुलीच्या लग्नात आमचा सगळ्यांचा आहेर गेला. तोही अडॅप्टरच्या खर्चात धरला पाहिजे.

फाटकातून सुटलेली ट्रॉली पुढे गल्लीत दोन ठिकाणी अडायची. एका ओट्याचा कोपरा गेला, तो साडूंनी बांधून दिला, चार इंच आत. पण गावाबाहेरच्या नाल्यावरची फरशी काही बांधून देता येईना. तिच्या दोन्ही कडांना दगडी गुंडे आहेत, आणि चाक डावीकडच्या गुंड्याला घासून गेल्याशिवाय उजवीकडचं आत येत नाही.

प्लेटा काढून टाकाव्यात हे कोणाच्याच मनात आलं नाही. फोन आला, “भाऊसाहेब, एक अर्ज लिही द्या. फरशी रुंद कराना.”

मी लिहिला. ‘वाढत्या दळणवळणाच्या मानाने सदर फरशी अपुरी पडत असून…’ अशी सुरुवात केली. मनापासून लिहिला, इतक्या वर्षांत असं वाक्य जमून आलं नव्हतं. साडूंनी वाचून एकच सूचना केली: प्लेटचं नाव कुठे येऊ द्यायचं नाही. गावात सह्यांना नेला तर दिवस मावळायच्या आत कागद भरला. थ्रेशरवाला, टँकरवाला, सगळ्यांनाच फरशी अलीकडे अरुंद वाटू लागली होती. आबांनी सही केली, खाली ‘रा. प. सेवानिवृत्त’ लिहिलं आणि शिक्का नव्हता म्हणून अंगठाही उमटवला.

ग्रामपंचायतीत अर्ज घेऊन मीच गेलो. तिथल्या बाबूंनी तो वरून खाली वाचला, मग खालून वर. माझ्यासारखाच जुना कागदी माणूस, मला आपलं माणूस भेटल्यासारखं वाटलं.

“मजकूर छान आहे साहेब. पण हा अर्ज आमच्या नमुन्यात बसत नाही. नमुन्यात आठ रकाने आहेत, तुम्ही दहा मुद्दे लिहिलेत.”

साडूंनी माझ्याकडे पाहिलं. मी बाबूंकडे पाहिलं. आणि माझ्या तोंडून, पाटबंधारे खात्यातल्या इतक्या वर्षांच्या नोकरीला स्मरून, आवाज फुटला, “मधे एक जोडपत्र लावलं तर?”

“लावा की,” बाबू म्हणाले. “दोन प्रतींत लावा.”